मिक्सचं भांडण राहू दे, आधी बाटलीचा तळ बघा

गेल्या वेळी लिहिलं होतं की ५८ सीसीचं चायना चेनसॉ मशीन, म्हणजे लाकूड कापायची टू-स्ट्रोक पेट्रोल करवत, अखेर लायनीवर आलं, आता पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक) ऑइल मिसळायच्या चाळीसास एक आणि पन्नासास एक या प्रमाणांची सरळ तुलना करतो. ती तुलना बोंबलली. पावसात आडवा झालेला आकेशिया तोडायला घेतला, दोन ओंडके झाले आणि मशीनने रेस धरणंच सोडलं. स्लोला आवाज आपोआप चढतो, ट्रिगर दाबला की गुदमरतं, आणि गरम असताना बंद पडलं की दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ.

सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारली. पिस्टनच्या त्या बाजूला उभे ओरखडे, नखाला जेमतेम लागतील एवढे. रिंग मोकळी आहे, म्हणजे थोडक्यात निभावलं. पण लिटरला २५ मिली ऑइल (म्हणजे चाळीसास एक), तेही जासो एफडी या टू-स्ट्रोक ऑइलच्या वरच्या जपानी ग्रेडचं, मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने मोजून घातलेलं! तरी ओरखडे?

'लिटरला ४० मिली घाल, म्हणजे पंचवीसास एक, काही होत नाही' हा सल्ला लगेच मिळाला. पंचवीसास एक हे जुन्या साध्या मिनरल ऑइलच्या काळातलं प्रमाण. आजच्या एफडी ऑइलला त्याची गरज नाही. शिवाय ऑइल वाढवलं की त्याच लिटरमध्ये पेट्रोल तेवढं कमी बसतं, म्हणजे मिक्स उलट लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं, आणि एक्झॉस्टला काजळी धरते ती वेगळीच. बंदरावरच्या एका मित्राने होडीच्या इंजिनाचं ऑइल देऊ केलं. ते टीसी-डब्ल्यू ३ ग्रेडचं, पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठीचं, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनासाठीचं. हवेवर थंड होणाऱ्या, तापून लाल होणाऱ्या आपल्या मशीनचं ते काम नव्हे.

खरा चोर बाटलीत सापडला. उरलेलं मिक्स काचेच्या बाटलीत ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी वरचं पेट्रोल ऑइलच्या रंगाने निळसर, आणि तळाशी बोटभर थर, गढूळ पाण्यासारखा, निळ्याचा मागमूस नाही. पंपावरच्या ई-२० मध्ये वीस टक्के इथेनॉल. त्यात थोडं पाणी मुरतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्याला घेऊन खाली बसतं. टू-टी ऑइल त्या थरात विरघळत नाही, ते वर पेट्रोलसोबतच राहतं. आणि टाकीतला वजनदार फिल्टर कुठे लोळतो? तळाशी! म्हणजे मशीन बिनऑइलचं पाणी-इथेनॉल ओढत होतं. वर ४० काय, ६० मिली घातलं असतं तरी फरक शून्य.

हे पाणी पंपाच्या टाकीतून आलं की कॅनमध्ये धरलं, ते आता सिद्ध होणार नाही. मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी पेट्रोल घ्यायचं नाही, एवढं ठरवलंय. त्याच पंपाचं नवं पेट्रोल तपासलं: मापाच्या नळीत १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, हलवून ठेवलं. खालचा थर २८ च्या रेघेपर्यंत चढला. वाढलेले १८ मिली म्हणजे नव्वदचे बरोबर वीस टक्के. हिशेब जुळला तेव्हा उगाच खूप आनंद झाला.

आता दुसरी गोष्ट. पाणी नसलं तरी ई-२० मुळात लीन चालतं. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. त्यामुळे जुन्या सेटिंगवर इंधन कमी पडतं. कार्ब्युरेटर उघडला तर डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, कागदासारखा कडक झालेला. ऑनलाइन आलेल्या कार्ब्युरेटरच्या स्वस्त किटमधल्या लिव्हरची उंचीच चुकीची. शेवटी तालुक्याच्या गावातल्या पंप दुरुस्तीवाल्याकडचं किट बसलं, दुप्पट पैसे गेले पण बसलं. फुल रेसचं इंधन कमी-जास्त करणारा एच स्क्रू थोडा थोडा सोडत गेलो. फुल रेसला, लाकूड नसताना, तो फडफडणारा फोर-स्ट्रोकसारखा आवाज आला आणि लाकडात घुसताच स्वच्छ झाला. प्लग आता फिक्या चहाच्या रंगाचा, म्हणजे इंधन पुरेसं.

पाण्याने इथेनॉल धुऊन काढायचा विचार लिहिता लिहिता आला होता, पण ऑक्टेन घसरेल आणि उरलेलं पाणी पुन्हा छळेल, म्हणून बाद. त्यापेक्षा शंभर ऑक्टेनवालं महाग पेट्रोल आधी याच नळीत तपासतो. थर चढला नाही तर करवतीपुरतं तेच. मिक्स एका वेळी अर्धा लिटर, १२.५ मिली ऑइल, आणि टाकीत ओतण्याआधी काचेच्या बाटलीत बघून. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं.

चाळीस-पन्नासची तुलना करीन, पण आधी ओरखड्यांनी कॉम्प्रेशन किती खाल्लंय ते कळायला हवं. कोणाकडे प्लगच्या जागी बसणारा १४ मिमी आट्यांचा कॉम्प्रेशन गेज असेल तर आठवडाभर उसना द्या.