आमची वाटचाल : एसटीच्या रिव्हेटपासून कॅम्पर व्हॅनपर्यंत

आमचं शेड छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाणा एमआयडीसीत. आबा एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी सेक्शनला होते. अशा कार्यशाळा राज्यात तीनच, दापोडी, हिंगणा आणि आमची चिकलठाण्याची, त्यामुळं आमच्या भागात पत्रा कापणारा, रिव्हेट मारणारा, सीटचा सांगाडा वेल्ड करणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. आबा रिटायर झाल्यावर दोघं जुने सोबती आणि मी असं मिळून काम चालू केलं. स्कूल बसच्या सीटा, अँब्युलन्सचं पार्टिशन आणि आषाढीच्या आधी दिंडीच्या ट्रकला ताडपत्रीचा सांगाडा, पाण्याची टाकी, भांड्यांची फळी. आता वाटतं की आम्ही कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, तेव्हाही बनवतच होतो, फक्त त्याला ते नाव नव्हतं आणि त्या नावाचे पैसे पण मिळत नव्हते.

२०२० ला शाळा बंद, बस उभ्या, शेड रिकामं. तेव्हा लातूरहून एक क्लासवाले सर जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आले. घरात आई-वडील, बायको, दोन पोरं. त्यांचं म्हणणं एकच, "मला वेळ मे महिन्यातच असतो, नीटची परीक्षा झाली की मी मोकळा, तेव्हा मे मध्येच फिरायचंय, तुम्ही गाडी गार करून द्या." आता मे मध्ये मराठवाड्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला आणि पत्र्याच्या टपावर हात ठेवला तर चटका बसतो. मोबाईलवर व्हॅनचे जे व्हिडिओ बघतो ते सगळे थंड देशातले, त्यांना आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते, आम्हाला बाहेरची आग आत येऊ द्यायची नाही. त्या एका गाडीनं आमची कामाची पद्धत ठरवली असं म्हणलं तरी चालेल.

इन्सुलेशनचं, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या अस्तराचं, जरा सविस्तर सांगतो कारण पैसे इथंच खर्च करायला पाहिजेत आणि लोक इथंच वाचवतात. टपाला आतून पंचवीस एमएमची एक्सपीएस, म्हणजे टणक फोमची शीट लावायची, आणि टपाच्या ज्या लोखंडी पट्ट्या असतात त्यांच्यावर वेगळा नायट्राईल फोम चिकटवायचा. मोठा भाग झाकला आणि पट्ट्या उघड्या ठेवल्या तर उष्णता बरोबर त्या पट्ट्यांतून आत उतरते, दुपारी आतल्या प्लायला हात लावला की पट्टी कुठं आहे ते डोळे मिटून सांगता येतं. ग्लासवूल आम्ही घालत नाही, गाडीच्या हादऱ्यानं ते खाली बसतं आणि ओल धरतं. आणि टप पांढरा. गिऱ्हाईक काळा मॅट टप मागतं, फोटोत भारी दिसतो म्हणून, त्याला आम्ही सरळ नाही म्हणतो.

टपाला पंखा बसवायला चौदा इंची चौकोन कापावा लागतो, ते काम आबा अजून दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. आधी आतून टेप लावून पिशवी बांधायची, म्हणजे लोखंडाचा कीस खाली सांडत नाही, सांडला आणि पहिला पाऊस लागला की महिन्याभरात गंजाचे ठिपके. मग कापलेली कड कानशीनं घासायची, तिच्यावरून अंगठा फिरवून बघायचा, कुठं अडकला की परत घासायची, मग झिंक प्रायमर दोन हात, ते वाळल्यावर ब्यूटाईल, म्हणजे चिकट रबरी टेप, वरून सीलंट, आणि रिव्हेट कोपऱ्यापासून नाही, मधून चालू करायचे, समोरासमोर. शेवटी पाइप लावून टपावर पाणी सोडतात आणि स्वतः आत बसून राहतात. गाडीत बसून चहा पिणार, वर पाणी पडायलंय, आणि माणूस टॉर्च घेऊन कोपरे बघायलाय. घाईचं गिऱ्हाईक असेल तर त्याला बाहेर टपरीवर पाठवावं लागतं.

एसीचा विषय निघाला की आमची गिऱ्हाइकाशी हमखास वादावादी. एक टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला पाऊण ते एक युनिट खातो. बारा व्होल्टच्या शंभर एएचच्या (अँपिअर-अवर) दोन लिथियम बॅटऱ्या म्हणजे अडीच युनिट. तीन तासात खेळ खलास. टपावर चारशे वॅटचं सोलर टाकलं तरी आपल्या उन्हात, पॅनल तापल्यामुळं, दिवसाला दीड-पावणेदोन युनिटच्या आसपास मिळतं. मग रात्रभर एसी कुठून? पण आपल्याकडची एक गोष्ट चांगली आहे, पठार आहे, मे मध्ये पण मध्यरात्रीनंतर हवा उतरते. म्हणून अकरापर्यंत एखाद्या लॉजच्या नाहीतर ढाब्याच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर एसी चालवायचा, नंतर टपाचा पंखा आतली हवा बाहेर फेकायला आणि खालच्या बाजूच्या दोन जाळीच्या खिडक्या उघड्या. हे ज्यानं मनावर घेतलं त्याचा लाख-दीड लाख वाचतो. काही लोक तरी म्हणतात, नाही, आम्हाला सहा बॅटऱ्याच पाहिजेत. बसवून देतो, काय करणार, दुकान आहे.

सध्या निम्मं काम नवीन गाड्यांचं नाहीच, दुसरीकडून बनवून आणलेल्या गाड्या सुधारायचं आहे. त्यात जे जे निघतं ते बघून कधी कधी झोप उडते. सीटखाली घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी, पन्नास-साठ किलोची, चार्जिंगला तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि वर आजी झोपलेल्या. दोन हजार वॅटचा इन्व्हर्टर बारा व्होल्टवर पावणेदोनशे अँपिअरच्या जवळपास ओढतो आणि त्याला घरातल्या फिटिंगसारखी बारीक वायर, बॅटरीजवळ फ्यूज नाहीच. एका गाडीत वायरचं कव्हर वितळून प्लायला चिकटलेलं होतं. पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो सीट बेल्टचा. एकोणीस एमएमच्या प्लायला स्क्रू मारून बेल्ट लावलेला, आणि त्यावर पोरगं बसवून समृद्धीवर ताशी शंभरनं गाडी चाललीय. जोरात ब्रेक लागला तर प्लायसकट पोरगं पुढं येणार. आम्ही बेल्ट लावतो तो फ्लोअरच्या खालून जाड प्लेट देऊन, आणि प्रवासात बसायच्या सीटा सगळ्या समोर तोंड करून. आडवा सोफा फोटोत छान, गाडी चालू असताना त्यावर कुणी बसायचं नाही, हे लिहून घेतो.

आता टॉयलेट. बाहेरच्या डिझाइनमध्ये किचनला चिकटून टॉयलेट असतं. अंबाजोगाईच्या एका घरच्या आजींनी गाडीत पाऊल टाकलं, इकडं ओटा बघितला, तिकडं दार उघडून बघितलं आणि म्हणल्या, "लेकरा, जिथं चूल तिथंच संडास व्हय? मला नाही जमायचं." त्यांचा मुलगा मला डोळ्यांनी खुणावायला, समजूत घाला म्हणून. मी कशाला घालू, मला त्यांचं पटलं होतं. त्या गाडीला आम्ही मागच्या दारानं, बाहेरून जायची खोली केली, मध्ये पूर्ण बंद पार्टिशन, कॅसेट, म्हणजे टॉयलेटची सुटी मैल्याची टाकी, पण बाहेरूनच काढायची. तेव्हापासून कुटुंबाच्या गाडीत हाच नकाशा पहिला दाखवतो. बरीच घरं तर नंतर टॉयलेटच काढायला सांगतात, घृष्णेश्वर, औंढा, परळी, तुळजापूर असं फिरणाऱ्याला भक्त निवास मिळतोच, त्यांना मागचं दार उघडून पडदा लावून आंघोळ करायची सोय पुरते.

पाण्याचं म्हणाल तर सगळे आधी दोनशे लिटर मागतात. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, शिवाय टाकी. पंप प्रेशरचा असला की नळ सोडला की धो धो, म्हणून ओट्याला आम्ही पायानं दाबायचा पंप देतो, जेवढं दाबाल तेवढंच पाणी. यात शंभर लिटर सहा माणसांना दोन दिवस निघतात, आंघोळ बाहेर केली तर. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते दिवस काढलेल्या माणसाला तांब्याभर पाण्यात भांडी कशी घासायची हे शिकवायची गरज नाही, उलट पुण्या-मुंबईला सेटल झालेली पोरं गाडी घ्यायला येतात तेव्हा त्यांनाच समजावावं लागतं.

स्वयंपाकाला इंडक्शन द्यायचा आम्ही प्रयत्न सोडला. ज्वारीची भाकरी आचेवर फुगवायची असते. मग पाच किलोचा सिलेंडर, त्याला वेगळा कप्पा, आणि कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं छिद्र, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो. वर जाळी ठेवून भागत नाही.

कागदाचं काम लोकांना कंटाळवाणं वाटतं पण आम्ही आधी आरटीओ आणि मगच ग्राइंडर असं ठेवलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल मालकाला मनानं करता येत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच ठणकावून सांगितलं. चॅसी, लांबी, उंची आम्ही हात लावत नाही. आरसीवर खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन असा क्लास पडतो, तो पडला की इन्शुरन्सला नवीन आरसी दाखवून पॉलिसी बदलून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी रडायची पाळी. २०२१ ला राज्य सरकारचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं तेव्हा भाड्यानं गाड्या लावायच्या म्हणून फोनच फोन आले. तो धंदा वेगळा, परमिट वेगळं, आम्ही घरच्या गाड्यांवरच राहिलो.

टेस्टिंग आमचं साधं. कप्प्यांमध्ये भांडी भरायची आणि कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडून परत चढायचा, वळणावर ड्रॉवर उघडला की लॅच बदलायचं. अजिंठ्याच्या रस्त्याचं काम रखडलेलं होतं त्या काळात खडखड ऐकायला आम्हाला तो रस्ता फुकटचा टेस्ट ट्रॅक होता, आता तेवढे खड्डे मिळत नाहीत.

आज शेडमध्ये एकावेळी तीनच गाड्या घेतो. साधं काम, म्हणजे इन्सुलेशन, बेड, ओटा, वीज, पाच-सहा लाखात होतं, सगळं धरून दहा-बारापर्यंत जातं, गाडी तुमची. दिवाळीच्या आधीचं बुकिंग आता घेत नाही. भेटायला येणार असाल तर नकाशा, फोटो काही नसलं तरी चालेल, पण येताना रिकामी गाडी टाकी फुल करून जवळच्या वजनकाट्यावर घाला आणि पावती घेऊन या, सोबत आरसीची झेरॉक्स. आरसीवरचं भरल्या गाडीचं वजन आणि पावतीवरचं वजन यांच्यात किती फरक उरतो ते बघितल्याशिवाय आम्ही कोटेशन देत नाही. त्यातून घरातल्या सगळ्यांचं वजन पण वजा करायचंय, आणि ते खरं सांगा.