कडू मेंदीचे कुंपण आणि पेट्रोलवरचे यंत्र

मावळातल्या आमच्या घराला कडू मेंदीचे, म्हणजे कोयनेलचे, सुमारे २०० फूट लांबीचे कुंपण आहे. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडले तरी ती तग धरते. मात्र पावसाळ्यात ती अशी माजते की गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांना फाटक दिसत नाही. मोठ्या कात्रीने छाटायला मला तीन दिवस लागत, म्हणून पेट्रोलवर चालणारे हेज ट्रिमर घेतले. विजेवरचे यंत्र हलके असते हे खरे, पण एवढ्या अंतरभर वायर मागे ओढायची आणि तीच पात्यात सापडू नये म्हणून जीव मुठीत धरायचा, हे मला जमण्यासारखे नव्हते.

याचे इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत लिटरला २५ मिली असे प्रमाण दिले आहे. पहिल्या वर्षी मी ते बाटलीच्या बुचाने अंदाजे मोजले आणि निळसर धूर, काजळीने भरलेला प्लग व चालू होता होता गचके खाणारे इंजिन असे फळ मिळाले. ऑइल जास्त झाले म्हणून एवढ्यावर भागले; कमी झाले असते तर पिस्टनलाच ओरखडे पडले असते. आता मी मोजपात्र वापरतो आणि एका दिवसात संपेल एवढेच मिश्रण करतो, कारण हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावा धरते आणि जुने पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर सोडते.

यंत्र हातात घेण्याआधी मी काठी घेऊन कुंपणाच्या कडेने सावकाश फिरतो, आणि सगळ्या कामात मला हाच भाग महत्त्वाचा वाटतो. गांधीलमाश्यांचे पोळे पानाआड असते, आणि इंजिनाच्या आवाजात माश्या उठल्याचे कळेपर्यंत त्या अंगावर आलेल्या असतात. गेल्या वर्षी फाटकाजवळ शिंपी पक्ष्याचे घरटे सापडले, तेव्हा तेवढा भाग तसाच ठेवला. कुंपणाला महिनाभर टेंगूळ होते. जुनी तार मात्र मला काठीनेही सापडली नव्हती. पूर्वीच्या काटेरी कुंपणाचा एक तुकडा फांद्यांनी गिळला होता, तो पात्यात अडकला, पाते थांबले आणि मी सरळ हात पुढे केला.

“अरे, आधी इंजिन बंद कर!” शेजारचे काका गडग्यापलीकडून ओरडले.

त्यांचे बरोबर होते. अडकलेले पाते थांबलेले दिसते, पण इंजिन चालू असेल आणि थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा खटका, चुकून दाबला गेला, तर अडथळा निघताच ते पुन्हा धावते. तेव्हापासून इंजिन बंद करून प्लगची टोपी काढल्याशिवाय मी पात्याजवळ बोट नेत नाही. कानांवर आवाज रोखणारे मफ, डोळ्यांवर गॉगल, जाड हातमोजे आणि बूट हे तर हवेतच. शिडीवर चढून हे यंत्र चालवू नये, कारण ते दोन्ही हातांनी धरावे लागते आणि मग शिडी धरायला हात उरत नाही.

छाटताना बाजू खालून वर, कमानीसारखा हात फिरवत घ्यावी, म्हणजे कापलेले शेंडे पात्यावर न साचता खाली पडतात. तळ रुंद आणि माथा थोडा अरुंद ठेवला की खालच्या पानांना ऊन मिळते. मी आधी उलटे केले होते, आणि दोन वर्षांत कुंपणाचे पाय उघडे पडले. माथ्यासाठी दोन काठ्यांना सुतळी ताणावी, कारण नजरेच्या भरवशावर सरळ रेष येत नाही. कापताना थ्रॉटल पूर्ण दाबलेला असावा, कारण मंद गतीत पाते फांदी कापण्याऐवजी चावते. अंगठ्याएवढ्या जाड फांदीला मात्र करवतच लावावी. वीस-पंचवीस मिनिटांनी बोटांना मुंग्या येऊ लागतात, तेव्हा मी थांबतो; तेवढ्या वेळात इंजिनही निवते आणि टाकी भरता येते. गरम इंजिनावर पेट्रोल ओतण्याचा उतावळेपणा करू नये.

काम संपल्यावर पात्यावर सुकलेला चिकट रस फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवतो. धार गेली असेल तर चपटी कानस फक्त दात्यांच्या तिरप्या कडेवर, मूळचा कोन सांभाळून चालवतो. शेवटी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, पात्यावर म्यान चढवतो आणि यंत्र पडवीतल्या खुंटीला टांगतो.