कीबोर्डला खारं वारं लागलंच नव्हतं

दुकानदाराने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. दोन-चार कळा दाबल्या आणि म्हणाला, "खारो वारो लागलो. कीबोर्ड गेलो. बदलूक होयो." खर्च अडीच हजार.

आदल्या संध्याकाळी मी कॅप्स लॉकची जागा बदलणारं एक सॉफ्टवेअर टाकत होतो. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कीबोर्ड यांना जोडणारा छोटा प्रोग्राम, बसत असतानाच लाइट गेली. माझी बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे लॅपटॉपही गपकन बंद. लाइट आल्यावर सगळं चालू झालं, कीबोर्ड सोडून.

हे मी त्याला तीनदा सांगितलं. देवगडात राहतो, खारी हवा मलाही माहीत आहे. जुन्या लॅपटॉपच्या कळा तिनेच खाल्ल्या, पण एकेक करून, वर्षभरात. सगळ्या एका रात्रीत कशा जातील? त्याने यूएसबीचा दुसरा कीबोर्ड लावला. तोही मुका. मला वाटलं, आता तरी पटेल. तर म्हणे, "मगे मदरबोर्डाकच लागलो!" त्याच पोर्टला लावलेला माऊस मजेत चालत होता, ते दाखवलं तर तो फोनवर बोलायला बाहेर गेला. एप्रिल महिना, आंब्याच्या पेट्यांची बिलं अडकलेली. तरी लॅपटॉप उचलून घरी आलो.

रात्री पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, चालू करताना एफ टू दाबून बघ." (कंपनीगणिक ही कळ वेगळी असते.) बायॉस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा पडदा, उघडलं, बाणांच्या कळा चालल्या! म्हणजे कीबोर्ड धडधाकट, बिघाड विंडोजमध्ये.

पासवर्डसाठी लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली अ‍ॅक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, त्यातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड मिळतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) कीबोर्डवर पिवळा त्रिकोण, कोड ३९, म्हणजे ड्रायव्हर खराब किंवा गायब. जुना ड्रायव्हर परत आणणारं रोल बॅक ड्रायव्हरचं बटण फिकट, दाबताच येईना. अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं, त्रिकोण परत हजर. बहुतेकांचं काम इथेच होतं म्हणे, आमचं नाही झालं.

खरी गोम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत होती. कंट्रोलच्या क्लासमध्ये ४डी३६ई९६बी ने सुरू होणारा फोल्डर कीबोर्डांचा. त्यात अपरफिल्टर्स नावाच्या नोंदीत दोन ओळी होत्या: केबीडीक्लास (विंडोजचा स्वतःचा कीबोर्ड ड्रायव्हर) आणि त्या अर्धवट ड्रायव्हरचं नाव. त्याची फाइल जागेवर नव्हती, म्हणून विंडोज एकही कीबोर्ड सुरू करत नव्हतं, घरचा नाही आणि बाहेरचाही नाही. तेवढी ओळ काढली. केबीडीक्लासला हात लावू नका, ती गेली तर कीबोर्ड पुन्हा बंदच. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: बदल करण्यापूर्वी त्या फोल्डरची एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा.

नंतर शट डाउन नको, रीस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनने विंडोज पूर्ण बंद होत नाही.

साडेअकराला पहिलं बिल टाइप केलं, पाच डझनी पेटीचं. कॅप्स लॉक आहे तिथेच आहे.