नवरा पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह

जून २०२१. नवऱ्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर एचआयव्ही निघाला. त्या खाजगी दवाखान्यानं 'बेड नाही' म्हणत आम्हाला वाटेला लावलं. (एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, असा २०१७ चा कायदा आहे. तेव्हा माहीत असतं तरी मी भांडले असते की नाही, देव जाणे.)

कुठून आला, हे मी विचारलं. उत्तर लग्नाआधीचं होतं. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलला गेलो. माझी टेस्ट निगेटिव्ह. हायसं वाटायच्या आत समुपदेशक ताई म्हणाल्या, "तीन महिन्यांनी पुन्हा." लागण नुकतीच झाली असेल तर पहिल्या टेस्टमध्ये दिसत नाही म्हणे. कोरोनाचे दिवस, सगळ्यांनाच मास्क. रांगेत ओढणीनं तोंड झाकावं लागलं नाही, एवढंच सुख.

ह्यांना टीएलडी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी तीन औषधांची एकच गोळी, सुरू झाली. रोज एक गोळी, फुकट. डबी बसमध्ये खुळखुळायची, म्हणून आत कापूस कोंबायचो. सासूबाईंना सांगितलं, ताकदीची गोळी आहे. वेळ रात्री नऊची ठेवली होती आणि अंबडला रात्रपाळी लागली की हमखास चुकायची. जानेवारी २०२२ ला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, आला ६४०. ताई रागावल्या नाहीत, वेळ बदलायला लावली. आता दुपारी एक. दिवसपाळीला डब्याबरोबर, रात्रपाळी असली की मी झोपेतून उठवून देते.

जुलैत रिपोर्ट आला, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे तपासणीत विषाणू सापडलाच नाही. जानेवारी २०२३ ला पुन्हा तोच. डॉक्टर म्हणाले, लोड असाच राहिला तर संबंधातून तुम्हाला लागण होणार नाही, मुलाचा विचार करा. बाळाला बापाकडून थेट होत नाही, आईला झाला तरच बाळाला धोका, हेही मला तिथेच कळलं. तरी निरोध सोडायला आणखी दोन महिने गेले. कागदावर माझा विश्वास होता, अंगाला पटत नव्हतं. माझी टेस्ट दर सहा महिन्यांनी चालूच होती.

दिवस गेल्यावर नाव नोंदवायला गेले. सिस्टरनं सुई टोचता टोचता समजावलं, "एचआयव्हीची पण करतो हं, घाबरू नका, सगळ्यांचीच करतात."

म्हटलं, "करा. माझी सहावी आहे."