छपराचे चौदा लाख, आणि त्यात दगडाचे किती

गेल्या फेब्रुवारीत एका रात्री दोन वाजता कपाळावर थेंब पडला आणि अर्धवट झोपेत मला वाटलं मी पाटणच्या घरी माजघरात झोपलेय, आता आई उठेल आणि खाली पातेलं लावेल. दुसरा थेंब पडला तेव्हा नीट जाग आली. हे हडर्सफील्ड होतं, इंग्लंडमधलं, बाहेर वारा सुटलेला, आणि पातेलं मलाच आणायचं होतं.

तेव्हापासून घरी फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगतेय छपराचं काय काय चाललंय ते, आणि दर वेळी समोरून एकच, "अगं पण चौदा लाख? नुसत्या छपराला?" म्हणून म्हटलं एकदा सगळं बैजवार लिहून काढावं. कारण गावच्या घराचंही छप्पर यंदा करायचंय, कौलं ठेवायची की पत्रा मारायचा यावरून घरात दोन तट पडलेत, आणि माझं म्हणणं मला फोनवर कधी धड मांडता येत नाही.

आमचं इथलं घर १८९० च्या दशकातलं. एका ओळीत वीस-बावीस घरं, प्रत्येकाची भिंत शेजारच्याला चिकटलेली, चाळीसारखंच पण प्रत्येक घर दोन मजली. वर दोन पाखांचं छप्पर आणि त्यावर स्लेट. स्लेट म्हणजे आपली दगडी पाटी, माझे वडील, आण्णा, शाळेत घेऊन जायचे तसलाच दगड, पातळ पापुद्रे काढलेला. खाली रिपा, रिपांवर पाट्या, प्रत्येक पाटीला दोन खिळे, आणि वरची पाटी खालचीवर अशी चढवलेली की खिळा कधी उघडा पडत नाही. तत्त्व आपल्या कौलांचंच, फक्त कौल नुसतं अडकवलेलं असतं आणि ही ठोकलेली.

छपराचं काम करणारा माणूस आला, साठीच्या पुढचा, टॉर्च घेऊन माळ्यावर गेला आणि दहा मिनिटांत खाली येऊन म्हणाला दगड ठणठणीत आहे, खिळे संपलेत. सव्वाशे वर्षांत लोखंडी खिळे गंजून सुतळीएवढे बारीक झालेले, एकेक तुटतोय आणि एकेक पाटी घसरतेय. या लोकांच्यात याला नेल सिकनेस म्हणतात, खिळ्यांचा आजार. आज चार पाट्या बसवल्या तर पुढच्या वादळात दुसऱ्या चार येणार, त्यामुळे अख्खं छप्पर उतरवून पुन्हा चढवणं हाच उपाय, असं त्याचं म्हणणं.

इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले, वादळानं उडालं असतं तर दिलं असतं म्हणे, वयानं झिजलं त्याला काही नाही. मग एक दुसरा माणूस आपणहून दारात आला, आतून फोम मारून देतो म्हणाला, तीन हजार पाउंडात, दोन दिवसांत काम खलास. मला खरं सांगायचं तर मोह झाला. पण त्या म्हाताऱ्या कारागिरानं समजावलं की फोम मारला की पाट्या आणि लाकूड एकमेकांना चिकटून बसतात, वारा खेळत नाही, लाकूड आतल्या आत कुजतं आणि कुजलेलं दिसतसुद्धा नाही, शिवाय चिकटलेली पाटी परत वापरता येत नाही. बऱ्याच बँका तर असला फोम असलेल्या घरावर कर्जच देत नाहीत. ऐकताना मला आमच्या गावच्या छपरावरची निळी ताडपत्री आठवली. सहा वर्षं झाली, "यंदा एवढं भागवू" म्हणत म्हणत.

आता हिशोब. स्कॅफोल्डिंग म्हणजे परांची, घराच्या पुढून आणि मागून, १,८०० पाउंड. मजुरी ४,६००, तीन माणसं, पाऊस धरून जवळजवळ तीन आठवडे. फुटलेल्या पाट्यांच्या बदली जुन्याच वेल्श पाट्या, साडेतीनशे नग, दोन पाउंडाला एक, म्हणजे ७००. नवीन रिपा, खालचा कागद म्हणजे तो पाणी अडवतो पण वाफ जाऊ देतो तसला, आणि खिळे, सगळं मिळून ९००. धुराड्याची डागडुजी आणि त्याच्या भोवती शिशाचा पत्रा १,३००. आढ्यावरची कौलं ५००. राडारोडा उचलायचे ४००. झाले १०,२००, त्यावर २० टक्के व्हॅट, एकूण १२,२४०. पाउंडाला ११५ रुपये धरले तर चौदा लाख आणि वर थोडे.

यात दगडाचे किती, तर ७०० पाउंड. हजार पाट्यांतल्या साडेसहाशे परत चढल्या, त्याच दगडावर नवीन तांब्याचे खिळे. बाकी पैसे माणसांचे आणि माणसांना वर सुरक्षित उभं राहता यावं याचे, मजुरी आणि स्कॅफोल्डिंग मिळूनच सहा हजार चारशे.

पाट्या उतरवताना मी खाली उभी होते. तो माणूस प्रत्येक पाटी एका हातात धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं ठोकायचा. खणखणीत वाजली तर डावीकडे, भद्द वाजली तर उजवीकडे, आत बारीक तडा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पाटणच्या बाजारात आज्जी मडकं असंच वाजवून घ्यायची. मग चांगल्या पाट्यांच्या जाडीप्रमाणे थप्प्या लावल्या, जाड पाट्या खाली वळचणीला आणि पातळ वर आढ्याकडे.

हा दगड नॉर्थ वेल्सचा, पन्नास कोटी वर्षांच्या आसपास वय त्याचं. तिथल्या पाट्यांच्या मापांना बायकांची पदं आहेत, मोठी ती डचेस, २४ बाय १२ इंच, मग काउंटेस, मग लेडी. आमच्या घरावर काउंटेस आहेत, २० बाय १०. काम झाल्यावर आम्ही मुद्दाम बेथेस्डाला जाऊन आलो, तिथे पेनरिनची खाण आहे, डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला. आमच्या घरावर या पाट्या चढल्या त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९०० ते १९०३, तिथल्या कामगारांनी तीन वर्षं संप केला. गावातल्या घरांच्या खिडकीत फलक लावलेले असायचे, वेल्शमध्ये, अर्थ असा की या घरात गद्दार नाही. संप मोडला, कित्येक घरं कायमची गाव सोडून गेली. खाणीच्या मालक घराण्याचा पैसा मुळात जमैकातल्या उसाच्या मळ्यांतला, गुलामांच्या कष्टाचा. २०२१ मध्ये हा सगळा भाग युनेस्कोच्या यादीत आला. हे कळल्यावर माझ्या छपराकडे मी पहिल्यासारखं बघू शकत नाही, वर कुणाचा तरी श्वास अडकलेला आहे असं वाटतं, त्या धुळीनं खाणकामगारांची फुप्फुसं जायची.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. त्या बिलातले १,८०० पाउंड, म्हणजे दोन लाख सात हजार रुपये, मला डाचत होते. लोखंडी नळ्या उभ्या करायचे आणि महिन्यानं काढून न्यायचे, घरात त्यातला एक खिळाही उरत नाही. मी विचारलं सुद्धा, शिडीवर नाही का होणार? तो माणूस रागावला नाही, फक्त म्हणाला की मी तुमच्या छपरावरून घरी जेवायला जायला पाहिजे. इथे २००५ पासून उंचीवरच्या कामाचे कडक नियम आहेत, आणि तरीही कामावर होणाऱ्या मृत्यूंमध्ये उंचीवरून पडणं हेच वर्षानुवर्षं पहिल्या नंबरचं कारण आहे.

तेव्हा मला आमच्याकडे शाकारणीला येणारे मामा आठवले. नात्यानं मामा नव्हेत, अख्खा गाव त्यांना मामा म्हणायचा. दरवर्षी वळवाचे ढग दिसायला लागले की आई निरोप धाडायची, मामा अनवाणी वर चढायचे, कौलं परतायची, फुटकी काढायची, शेवाळ खरवडायचं, माकडांनी सरकवलेली जागेवर बसवायची. दोर नाही, परांची नाही, पायाखाली एक रीप. मी सातवीत होते त्या वर्षी वळीव आदल्या रात्रीच होऊन गेला होता, कौलं ओली होती, आणि मामा वळचणीवरून खाली अंगणात आले. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्याचं बिल आण्णांनी दिलं आणि घरात सगळ्यांना वाटलं आपण आपलं कर्तव्य केलं. पण त्यानंतर मामा कधी कुणाच्या छपरावर चढले नाहीत, म्हणजे त्यांची मिळकतच गेली, त्यांच्या थोरल्याची शाळा सुटली. ते १,८०० पाउंड आमच्या घरानं कधी दिलेच नव्हते, मामांनी दिले. हे मला चाळिशीत, दुसऱ्याच्या देशात बिल बघताना कळलं, याचं मला फार वाईट वाटतं.

तर गावचं घर. आजोबांचं मूळ घर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात पडलं. दगडमातीच्या भिंती बसल्या, पण आजोबांनी ढिगाऱ्यातून शाबूत मंगलोरी कौलं एकेक करून वेचली आणि नव्या घरावर तीच चढवली, कमी पडली ती कऱ्हाडहून आणली. त्यामुळे आमच्या कौलांच्या पाठीवर वेगवेगळ्या कारखान्यांचे शिक्के आहेत, लहानपणी आम्ही ते वाचत बसायचो. ही कौलं आपल्याकडे रुजली ती मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनच्या लोकांनी कारखाना काढला तिथून.

बापूकाकांचं म्हणणं, "कशाला त्या कौलांच्या नादाला लागतीस गं, पत्रा मार आन मोकळी हो, ईस वर्सं वर बघायला नको." त्यांचं अगदीच चुकतंय असं नाही. पत्रा हलका असतो, आणि ज्यांनी तो भूकंप अंगावर घेतलाय त्यांना डोक्यावर ओझं नको वाटतं, हे मी समजू शकते. माकडांचा त्रास आहे, शाकारणीला माणूस मिळत नाही हेही खरं. पण पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये दुपारी बसून दाखवा, आणि पाऊस सुरू झाला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकून दाखवा. आमच्याकडचा पाऊस तरी केवढा, वर कोयनानगरला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पडतो, आम्ही जरा खाली आहोत एवढंच. इथे यॉर्कशरमध्ये हजाराच्या आसपास, पण तो बाराही महिने झिरपत राहतो, आणि हिवाळ्यात फटीतलं पाणी गोठून फुगतं आणि चुना फोडतं. आपल्याला निदान आठ महिने लाकूड वाळायला मिळतात. म्हणून तर आमचे ऐनाचे वासे अजून उभे आहेत.

दोन्ही दर काढायला सांगितले. चौदाशे चौरस फुटांचं छप्पर, रंगीत पत्रा आणि लोखंडी सांगाडा, दोन लाख साठ हजार. कौलं ठेवून, सहा-सात वासे बदलून, रिपा सगळ्या नव्या, पाचशे कौलं नवीन, सुतार-गवंडी-बिगारी धरून, दीड लाखाच्या आत. म्हणजे पत्राच महाग, आणि तरी सगळे म्हणत होते कौलं परवडत नाहीत. न परवडणारी गोष्ट कौल नव्हतं, दरवर्षी कुणीतरी वर चढायला हवं ही होती. ताडपत्रीच्या सहा वर्षांत सहा वासे कुजले, दरवर्षीची शाकारणी केली असती तर त्याच्या पाव भागात झालं असतं. आण्णा गेल्यावर ते बघायला कुणी राहिलं नाही, त्याचा दोष आईला देता येत नाही, मी इथे बसलेय.

मी दोन अटी घातल्या, पैसे मी देणार आहे म्हणून नाही, आईलाही पटल्या म्हणून. एक, काम मार्चमध्ये सुरू होणार, वळीव यायच्या आत संपणार. दुसरी, दोन्ही बाजूंनी बांबूची पक्की परांची आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, त्याचे अठरा हजार वेगळे. गवंडी म्हणाला एवढ्याशा उंचीला परांची कोण बांधतं ताई, सगळे हसतील. मी म्हटलं हसू देत, परांची नाही तर काम नाही. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन, बांबू कुठून आणायचे ते विचारायला.

परवा आईनं मामांकडे जाऊन सांगितलं की छप्पर उतरवतोय. काठी टेकत घरी आले म्हणे, बराच वेळ अंगणात उभं राहून वर बघत होते. मग म्हणाले, वर काय माझ्यानं चढवत नाही आता, पण उतरवलेलं एक कौल मला न दाखवता टाकू नका. ओट्यावर बसतो, वाजवून देतो. रोजची हजेरी गवंड्याएवढी ठरवलीय.