निरोप पोचला

मंगळवार, रात्री उशिरा

बाबांनी आज कात्रणांच्या वहीत लिहिलं. मी पेन्सिल पुढे केली तर म्हणाले, पेन दे. इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या कात्रणाखाली बोटभर जागा इतकी वर्षं कोरी ठेवलेली होती, तिथे त्यांनी वाकडंतिकडं पण स्वच्छ लिहिलं : 'निरोप पोचला.' खाली तारीख. मग वही तशीच उघडी स्टुलावर ठेवायला लावली. उद्या फिजिओ आला की त्याला दाखवायची आहे.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये.

निरोप पोचलेला नाही. मी तो दिलाच नाही.

जे झालं ते एवढंच. गेल्या गुरुवारी कोइमतूरच्या फाउंड्रीचं ऑडिट लवकर आटपलं. त्यांच्या गाडीने मला पीलमेडूला, विमानतळावर सोडलं. सिक्युरिटीच्या रांगेत लॅपटॉप काढून उभी होते आणि ट्रे संपले होते. माझ्या पुढच्या माणसाने वाकून खालच्या गठ्ठ्यातून दोन ट्रे ओढून काढले. एकात एक घट्ट बसले होते. त्याने ते हलवून सोडवले, एक स्वतःपुढे ठेवला, दुसरा माझ्याकडे सरकवला आणि जरासं हसला. मी 'थँक्स' म्हटलं. मग त्याने घड्याळ काढलं, पट्टा पालथा करून ट्रेमध्ये नीट ठेवला. आणि तेव्हा मला कळलं, हा कोण आहे.

नारायण कार्तिकेयन. फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवणारा पहिला भारतीय. आपला नारायण. इतकी वर्षं ज्याची कात्रणं मी खळ लावून चिकटवली, तो माझ्यापासून हातभर अंतरावर घड्याळ काढत होता. माझा ट्रे त्याच्या ट्रेच्या मागोमाग पट्ट्यावरून आत गेला. पुरुष सरळ पुढे जातात, आम्हा बायकांना पडद्याआड जावं लागतं. मी पडद्याआड हात पसरून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा त्याचा ट्रे रिकामा होता.

इथवर झालं असतं तरी मी स्वतःला माफ केलं असतं. पण नंतर चाळीस मिनिटं तो चार रांगा सोडून पुढे बसला होता. एकटा. कोणीही त्याच्याजवळ जात नव्हतं. मी उठले, दोनदा उठले. एकदा तर त्याच्या खुर्चीच्या मागून जाऊन पाणी पिऊन परत आले.

रात्री घरी पोचल्यावर बाबांना सांगितलं. त्यांना हल्ली बोलायला वेळ लागतो, पण तेव्हा लागला नाही. लगेच विचारलं, "सांगितलंस?"

मी "हो" म्हणाले.

"काय म्हणाला?"

त्या माणसाच्या तोंडी न बोललेला शब्द घालायला जीभ रेटली नाही. "हसला," एवढंच मी म्हणाले. हसला होता हे खरं. कशाला, ते सांगितलं नाही.

हे 'हो' कुठून आलं, तेच मला सापडत नाहीये.

निरोप काय होता ते लिहून ठेवते. 'इंडियानापोलिसला आम्ही जागे होतो.' बस. मी सातवीत असताना बाबांनी तयार केलेलं वाक्य. कधी भेटलाच तर एवढंच सांगायचं, सही मागायची नाही, फोटो मागायचा नाही. मी त्याचं इंग्रजीही करून ठेवलं होतं.

२००५चं ते वर्ष. मार्चमध्ये मेलबर्नची शर्यत आमच्याकडे सकाळी साडेआठला लागली. रविवार होता. जॉर्डन संघाच्या पिवळ्या गाडीत भारताचा पहिला माणूस, सुरुवातीच्या रांगेत बारावा. बाबा अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून टीव्हीपुढे बसले होते. तो पंधरावा आला. बाबांनी हिशोब घातला, पाच जणांना मागे टाकलं किंवा ते आपोआप गळाले, काही का असेना, गाडी शेवटपर्यंत नेली. भोसरीला लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत नेणं म्हणजे काय ते कळतं.

आणि मग १९ जून. इंडियानापोलिसची शर्यत आपल्या रात्री साडेअकराची. आई झोपली. दुसऱ्या दिवशी बाबांची पहिली पाळी, माझी शाळा. वीस गाड्या फेरी मारून आल्या आणि सुरुवातीच्या रेषेवर उभ्या राहायच्या ऐवजी चौदा गाड्या एकामागून एक पिटमध्ये, म्हणजे बाजूच्या दुरुस्तीच्या गल्लीत, वळल्या. मला वाटलं, टीव्ही बिघडला. त्या चौदा गाड्यांचे मिशेलिनचे टायर तेराव्या, एका बाजूला कललेल्या वळणावर टिकत नव्हते. शुक्रवारीच राल्फ शूमाकरची गाडी तिथे भिंतीवर गेली होती. कंपनीने हात वर केले, वळणावर अडथळा टाकून वेग कमी करा म्हणाले, ते मान्य झालं नाही. उरल्या सहा गाड्या, ब्रिजस्टोनच्या टायरवाल्या. दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. लोकांनी बाटल्या फेकल्या, हुर्यो केली. आणि त्या हुर्योमध्ये नारायण त्र्याहत्तर फेऱ्यांची शर्यत संपेपर्यंत गाडी चालवत राहिला. चौथा आला. पाच गुण. भारतीयाने फॉर्म्युला वनमध्ये मिळवलेले पहिले गुण, आणि आजतागायत तेवढेच.

त्याचा जोडीदार मोंतेरो तिसरा आला, तो वर बक्षिसाच्या मंचावर जाऊन शॅम्पेन उडवत होता. कॅमेऱ्याने चौथ्याला दाखवलंच नाही. बाबा रात्री एक वाजता म्हणाले, "चौथ्याला वर बोलावत नाहीत." आणि आई उठू नये म्हणून हळू टाळ्या वाजवल्या. तळहातावर तळहात ठेवून, आवाज न करता. मीही तशाच वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून सगळे हसायला लागले. सहात चौथा! कंपनीत, चाळीत, शाळेत. बाबा एकदाच बोलले होते, "ज्याचे टायर टिकले त्याने गाडी चालवली. यात लाजायचं काय?" मग त्यांनी बोलणं सोडलं. पण निरोपाचं वाक्य त्याच आठवड्यातलं आहे. सगळं जग हसत असताना दोन माणसं जागी होती, हे त्याला कळायला हवं, असं त्यांना वाटत होतं.

आता मला खरंच सांगायचं आहे की मी का गप्प बसले. इंग्रजीची अडचण नव्हती, दिवसभर तेच बोलते. त्याला त्रास होईल असं मनात आलं, पण ते नंतर शोधलेलं कारण आहे. त्याला इंडियानापोलिस आवडतं का, हे मात्र तिथे बसल्या बसल्या खरोखर मनात आलं. आपल्याला जी रात्र सोन्याची वाटते तीच त्याला आयुष्यभर टोचत असेल तर? वीस वर्षं प्रत्येक अनोळखी माणूस त्याच सहा गाड्या काढत असेल तर? १९९४मध्ये इंग्लंडात फॉर्म्युला फोर्डची विंटर सीरिज जिंकली, २००१मध्ये सिल्व्हरस्टोनला जॅग्वारची फॉर्म्युला वन गाडी चालवली, २००७मध्ये चीनमध्ये झुहाईला ए-वन जीपी या देशादेशांच्या स्पर्धेत भारताच्या गाडीने शर्यत जिंकली, ते कोणी विचारत नाही. आणि मी जाऊन नेमकं तेच काढणार.

पण हेही पूर्ण खरं नाही. खरं हे की वाक्यात 'आम्ही' होतं. आणि मी एकटी होते.

'आम्ही जागे होतो' असं म्हटलं असतं तर त्याने साहजिकच माझ्या शेजारी पाहिलं असतं, कोण आम्ही म्हणून. शेजारी लॅपटॉपची बॅग होती. बाबा श्रावणापासून खाटेवर आहेत. डावा हात अजून उचलत नाही. ते वाक्य दोघांनी शेजारी उभं राहून म्हणायचं होतं. दिल्लीला २०११मध्ये तसं म्हणता आलं असतं.

भाऊबीज झाल्या झाल्या आम्ही पुण्याहून निजामुद्दीनला गेलो होतो, ३० ऑक्टोबरच्या फॉर्म्युला वन शर्यतीसाठी. सगळ्यात स्वस्त तिकीट. शर्यतीआधी, त्याच महिन्यात शर्यतीत दगावलेल्या सिमोनचेली आणि व्हेल्डनसाठी एक मिनिट सगळं स्टेडियम गप्प उभं राहिलं, बाबांनी टोपी काढली. मग साठ फेऱ्या. फेटल जिंकला, पण आम्ही सगळा वेळ रांगेच्या शेवटाकडे पाहत होतो. नारायण सतरावा. आमच्या समोरून गेला की बाबा काही ओरडायचे नाहीत, नुसतं उभं राहायचे. प्रत्येक फेरीला उभं राहायचे, बसायचे. शर्यत संपल्यावर फाटकाशी पावणेदोन तास थांबलो. काचा काळ्या केलेल्या गाड्या गेल्या. बाबा म्हणाले, असू दे, पुन्हा येऊ. पुन्हा गेलो नाही. त्याचं कारण आता उगाळत नाही.

२०१३ला फेटलने तिथेच चौथं विजेतेपद नक्की केलं, सरळ पट्ट्यावर गाडी गरगर फिरवली, गाडीपुढे गुडघे टेकून वाकला आणि हातमोजे काढून जाळीपलीकडे लोकांत फेकले. नियम मोडला म्हणून त्याच्या संघाला पंचवीस हजार युरोंचा दंड झाला. घरी टीव्हीवर पाहताना मला सारखं वाटत होतं, ते मोजे ज्याच्या हातात पडले त्याच्या घरी आज काय चाललं असेल. मला मोजा नको होता. मला एक वाक्य द्यायचं होतं, आणि मला त्यासाठी चाळीस मिनिटं मिळाली होती.

लिहिता लिहिता रडू आलं, थांबले होते. सगळं माझ्याच अंगावर का येतं असं वाटलं. औषधं, फिजिओचे पैसे, आईची चिडचिड, आणि आता हेही : बाबांच्या आयुष्यातला एकुलता निरोप, तोही माझ्याच हाती द्यायचा होता आणि तो मी विमानतळावर सांडून आले. दादाला फोन करावा वाटलं. नाही केला. तो म्हणेल, एवढं काय.

पाणी प्यायला उठले तर बाबा जागे होते. त्यांच्या खोलीतला झिरोचा दिवा चालू, वही अजून स्टुलावर उघडी. मी ठरवूनच गेले होते की सांगून टाकायचं. स्टुलावरची वही बाजूला करून बसले. अक्षरं जवळून पाहिली. 'पो'चा काना दोनदा गिरवलाय. उजव्या हाताने लिहिताना डाव्याने कागद धरायचा असतो आणि तो धरता येत नाही, म्हणून वही सरकली असणार. त्यांनी ती सरकलेली ओळ पूर्ण करायला किती वेळ घेतला असेल ते दिसत होतं.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "संक्रांतीचा जन्म त्याचा."

"हो बाबा. चौदा जानेवारी."

दर संक्रांतीला पहिली वडी तोंडात टाकताना हे वाक्य म्हणायचे. या वर्षी म्हणतील की नाही, कोण जाणे, असं मला मध्ये वाटून गेलं होतं.

मग बराच वेळ गप्प होते. मला वाटलं झोपले. मी 'बाबा' म्हणून सुरुवात केली आणि त्यांनी उजवा हात जरा उचलला, थांब म्हणून. शब्द जुळवत होते. हल्ली असं होतं, मध्ये बोललं की त्यांचा धागा तुटतो, म्हणून मी थांबले.

"ट्रे त्याने स्वतः काढून दिला?"

"हो. अडकले होते. त्याने सोडवले."

"आधी तुला दिला की आधी स्वतःला घेतला?"

मी आठवलं. "एक स्वतःपुढे ठेवला, दुसरा लगेच मला सरकवला."

"तू थँक्स म्हणालीस?"

"म्हणाले."

"नक्की?"

"नक्की, बाबा. तेव्हा मला तो कोण हे माहीतही नव्हतं."

ते हसले. एका बाजूने हसतात आता. "बरं केलंस," म्हणाले, आणि उजव्या हाताच्या बोटाने वहीकडे खूण केली, मिट म्हणून.