ताडपत्री आणि ३६ हर्ट्झ

परतीच्या पावसाचे दिवस होते. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची आवक ऐन भरात होती आणि औसा रस्त्यावरून पोत्यांनी भरलेल्या पिकअप गाड्यांची सकाळपासून वर्दळ असे. गाड्यांना साउंड बसवण्याचे आणि वूफरचे, म्हणजे खोल आवाजाच्या स्पीकरचे, बॉक्स बनवण्याचे माझे छोटे दुकान याच रस्त्यावर आहे. अशाच एका दुपारी माल उतरवून रिकामी झालेली एक पिकअप दारात येऊन थांबली. गाडीचा मालक तिशीतला, निलंगा तालुक्यातला होता आणि गाडी तो स्वतःच चालवत असे. त्याने केबिनचा दरवाजा उघडला, गाणे लावले आणि म्हणाला, "काका, आवाज येऊलालाय, पण पखवाज ऐकू येईना."

तो गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. रात्रीच्या फेऱ्यांना त्याच्या गाडीत भजने चालू असतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावल्यावर जो खोल, भरीव नाद येतो आणि तळवा दाबताना तो नाद जसा वर सरकतो, तसा तो गाडीत ऐकू यावा, एवढीच त्याची मागणी होती. गेल्या पंचवीस वर्षांत माझ्याकडे "काच हलली पाहिजे" असे सांगणारे शेकडो लोक आले. वाद्याचा डावा हात ऐकू आला पाहिजे असे सांगणारा हा पहिलाच, आणि मला ते काम तिथेच आवडले.

त्याच्याकडचा जुना बॉक्स दुसऱ्या एका शहरातल्या दुकानातून तयार घेतलेला होता. १२ इंची वूफर असलेला तो बॉक्स सीटमागे मावत नसल्यामुळे शेजारच्या माणसाच्या पायाशी ठेवलेला होता. मी आतली मापे घेतली. हवेची जागा सुमारे ४० लिटर होती आणि पोर्टची, म्हणजे बॉक्समधली हवा आत-बाहेर खेळवणारी, नळी साडेसात सेंटिमीटर व्यासाची, जेमतेम १० सेंटिमीटर लांबीची होती. हिशेब केला तर हा बॉक्स ४६ हर्ट्झला लागलेला निघाला, म्हणजे त्याचा स्वतःचा सूर सेकंदाला ४६ कंपनांचा होता.

हा आकडा कुठून येतो ते थोडे सांगायला हवे. रिकाम्या घागरीच्या तोंडावर आडवी फुंकर घातली की एक ठरावीक सूर निघतो, कारण गळ्यातली हवा वजनासारखी आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात याचा सखोल अभ्यास केला. पोर्ट असलेला बॉक्स म्हणजे अशी घागरच असते. ज्या सुराला बॉक्स लागलेला असतो, त्या सुराला आवाजाचे बहुतेक काम नळीतली हवा करते आणि वूफरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा पडदा, जवळजवळ स्थिर राहतो. त्या सुराच्या खाली गेले की मात्र आतल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलू लागतो. या गाडीत मधूनमधून डीजेची गाणीही वाजत होती आणि त्यांत ३०-३५ हर्ट्झचे ठोके असतात. कोनला हलवणारी तारेची कॉइल मागे आपटून आपटून त्या वूफरचा स्पायडर, म्हणजे कॉइलला मधोमध धरणारी लवचीक चकती, सैल झालेला होता. शिवाय ४६ हर्ट्झच्या आसपास सगळे ठोके एकाच "हुम्म" मध्ये मिसळत असल्यामुळे पखवाजाचा सरकता नाद ऐकू येणे शक्यच नव्हते.

सीटमागची जागा मोजली. बॉक्स १०० सेंटिमीटर रुंद, ४० उंच, तळाला २० आणि वर १२ सेंटिमीटर खोल असा उतरत्या आकाराचा होऊ शकत होता, कारण सीटची पाठ तिरकी आहे. डावीकडे २० सेंटिमीटर जागा मी मुद्दाम मोकळी सोडली. १८ मिलिमीटरची फळी धरली तर आतली सरासरी खोली १२.४ सेंटिमीटर राहते आणि एकूण जागा साडेत्रेचाळीस लिटर भरते. वूफर १० इंची, उथळ बांधणीचा निवडला. मॅग्नेटच्या मागे निदान पाच सेंटिमीटर हवा राहावी आणि कोनच्या पुढे सीटची पाठ टेकू नये, या दोन्ही अटी त्यात बसत होत्या.

वूफरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे, बॉक्सचा हिशेब करायला लागणारे जे आकडे असतात, ते आपल्या हाती आले ते ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांमुळे. थील यांचा निबंध १९६१ चा आणि स्मॉल यांचे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचे. त्याआधी पोर्टचा बॉक्स हा बराचसा अंदाजाचा खेळ होता, आणि अनेक दुकानांत तो आजही तसाच चालतो याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी ३६ हर्ट्झ हा सूर ठरवला. त्याचे एक कारण केबिनच होते. लहान बंद जागेत, ध्वनिलहरीची अर्धी लांबी केबिनच्या सर्वांत मोठ्या मापाहून जास्त झाली की खालचे सूर आपोआप फुगू लागतात. दीड मीटरची केबिन धरली तर हे साधारण ११५ हर्ट्झच्या खाली सुरू होते. कागदोपत्री ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबल असते. पत्रा थरथरतो आणि दाराचे रबर सगळी हवा धरत नाही, म्हणून प्रत्यक्षात ती कमी मिळते, पण मिळते. त्यामुळे बॉक्सने वरच्या बाजूला उसळी मारण्याची गरज नव्हती; त्याने खालपर्यंत शांतपणे आणि सरळ जाणे पुरेसे होते.

खरी कसोटी नळीची होती. ९० मिलिमीटरची शेतीची पीव्हीसी नळी, जिचा आतला व्यास साडेआठ सेंटिमीटर भरला, ती घेतली तर लांबी फक्त साडेसत्तावीस सेंटिमीटर येत होती. बसवायला सोपी, पण तोंड लहान असल्याने हवेचा वेग फार वाढतो, आणि तो सेकंदाला १७ मीटरच्या वर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या सुमारे पाच टक्क्यांवर गेला की नळी फुसफुसते. भजनाच्या शांत जागी ती फुसफूस मला सहन झाली नसती. मग अशा दोन नळ्या घेऊन पाहिल्या. तोंड दुप्पट झाले की तोच सूर राखण्यासाठी लांबी दुपटीहून जास्त लागते. लांबी वाढली की नळ्याच बॉक्समधली हवा खातात. हवा घटली की सूर वर चढतो आणि तो खाली आणण्यासाठी लांबी आणखी वाढवावी लागते. या चक्रात फिरत फिरत हिशेब ७८ सेंटिमीटरवर येऊन थांबला, आणि एवढ्या लांबीच्या दोन नळ्या बसवल्या तर वूफरला जागाच उरत नव्हती. शेवटी ११० मिलिमीटरची एकच नळी, आतला व्यास १०.४ सेंटिमीटर आणि लांबी ४६, असे ठरले. वूफर, आतले आधार आणि नळी वजा जाता साडेछत्तीस लिटर हवा उरली आणि हवेचा वेग पहिल्या नळीच्या मानाने एक-तृतीयांशाने उतरला. नळी डाव्या बाजूने आत शिरून तळाशी आडवी राहील आणि वूफर उजव्या अर्ध्या भागात बसेल, अशी मांडणी केली.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, मी पिकअपला वापरत नाही. मागच्या काचेच्या रबरातून पावसाळ्यात पाणी झिरपते आणि एमडीएफ फुगते. म्हणून पाणी न धरणारी प्लायवूड घेतली. नळीचे बाहेरचे तोंड फुलवण्यासाठी शेतात पाइप जोडताना करतात तेच केले. टोक निखाऱ्यावर सावकाश फिरवत मऊ होऊ दिले आणि पितळी तांब्याच्या गोल बुडावर दाबून धरले. तोंड कर्ण्यासारखे थोडे उघडले, म्हणजे हवा कडेवर न फाटता वळून बाहेर जाते. लांबी मी मुद्दाम ४८ ठेवली होती, म्हणजे नंतर कापून सूर जुळवता येईल.

तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा आली. बॉक्स टेबलावर पाठीवर निजवला, मोबाइलमधून शुद्ध सूर दिला आणि वूफरच्या मधल्या टोपीवर ज्वारीचे पाच-सहा दाणे ठेवले. ३० हर्ट्झला दाणे उडून पडत होते. सूर हळूहळू वर नेला तसे त्यांचे उडणे कमी होत गेले आणि साडेपस्तीसला ते जागच्या जागी बसले, जणू वूफर बंदच आहे. त्याच वेळी नळीच्या तोंडाशी धरलेला कागद मात्र फडफडत होता. नळी दीड सेंटिमीटर कापली. दाणे ३६ ला स्थिर झाले. मग नळी एपॉक्सीने पक्की केली आणि पेटती उदबत्ती सांध्यांवरून फिरवली. धूर कुठेही थरथरला नाही, म्हणजे बॉक्स हवाबंद होता.

केबिनमध्ये बॉक्स उभा असल्यामुळे दाण्यांचा उपयोग नव्हता. तिथे मी वूफरच्या वायरीत मोठा रेझिस्टर घालून मल्टिमीटरने वूफरवरचा विजेचा दाब (व्होल्टेज) मोजतो. सूर वर-खाली नेला की हा दाब दोनदा चढतो; त्या दोन शिखरांच्या मधला खळगा ज्या सुराला सापडतो, तोच बॉक्सचा सूर असतो. मोजले तर खळगा ३३ ला आला, आणि तोही पसरट. गाणे लावले तर आवाज मऊ, दबलेला. जोर दिला की नळीतून फुसफूस. टेबलावर अर्ध्या तासापूर्वी नीट असलेला बॉक्स गाडीत बिघडला होता.

मला आधी माझ्याच हाताची शंका आली. खाली-वर करताना एखादा सांधा उकलला असेल म्हणून सीट काढून पुन्हा उदबत्ती फिरवली. वायरी उलट्या लागल्या का ते पाहिले. शेवटी बॉक्स बाहेर काढून टेबलावर ठेवला, दाणे ठेवले, सूर ३६. पुन्हा गाडीत नेला, मीटर लावला. या वेळी ३६ च्या किंचित खाली, आणि खळगा अगदी स्वच्छ. एकाच बॉक्सचे एकाच केबिनमध्ये दोन आकडे आले होते आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता.

तेवढ्यात निलंग्याच्या बाजूने आभाळ भरून आले. खळग्यावरचा सूर चालू होता, माझी नजर मीटरवर होती. मालकाने बाहेर काढून ठेवलेली ताडपत्री घाईघाईने घडी करून सीटमागे डावीकडच्या मोकळ्या जागेत कोंबली आणि मीटरवरचा दाबाचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत वर चढला, म्हणजे खळगा त्या सुरावरून सरकला होता.

"थांब. ती परत काढ," मी म्हणालो.

त्याने काढली. आकडा खाली उतरला. पुन्हा ठेवायला सांगितली, पुन्हा चढला. पहिल्या वेळी बॉक्स बसवला तेव्हाही ताडपत्री तिथेच, नळीच्या तोंडापासून बोटभर अंतरावर होती. दुसऱ्यांदा सीट काढताना ती बाहेर आली होती. नळीच्या तोंडापुढे अडथळा असला की तोंडाशी हलणारी हवा वाढते, नळी जणू लांब होते आणि सूर उतरतो. शिवाय कापडातून हवा घासत गेल्याने जोरही मरतो. पोर्टपुढे निदान त्याच्या व्यासाइतकी जागा सोडायची हे मला ठाऊक होते, म्हणून तर २० सेंटिमीटर सोडले होते. त्या जागेत रोज काय असते, हे मात्र मी मापे घेताना विचारले नव्हते.

ताडपत्री दुसरीकडे ठेव असे सांगणे सोपे होते, पण ते मला योग्य वाटले नाही. या दिवसांत पोती भिजली की ओलावा वाढतो आणि आडतीवर भाव पडतो. पाऊस आला तर ताडपत्री दोन मिनिटांत हाताशी आली पाहिजे, आणि तिची जागा तीच आहे. बॉक्सनेच तिच्याशी जुळवून घ्यायला हवे होते. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून बारीक सळईचा एक पिंजरा करून घेतला, नळीच्या तोंडापासून बरोबर ११ सेंटिमीटर पुढे येणारा, आणि तो बॉक्सच्या डाव्या फळीवर स्क्रूने बसवला. उरलेल्या नऊ सेंटिमीटरमध्ये ताडपत्री उभी घडी करून सरकवली तर नीट बसत होती. मीटर लावला. ३५. एका हर्ट्झचा हा फरक कानाला कळत नाही, त्यामुळे नळीला पुन्हा हात लावला नाही.

बाकीचे काम लवकर झाले. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज टाकला, ८० हर्ट्झच्या वरचे सूर वूफरकडे जाऊ नयेत अशी सोय केली आणि फार खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर २८ वर ठेवला, म्हणजे डीजेचे गाणे लागले तरी कोन मोकाट सुटणार नाही. अँपचा गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचे प्रमाण, मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल इतकाच ठेवला. हे मी प्रत्येक गाडीला करतो.

मग त्याने आपल्या मोबाइलमधले भजन लावले. पखवाजावर डावा हात पडला आणि तळवा दाबत नाद वर सरकला, तो सीटच्या पाठीतून नव्हे, समोरच्या काचेकडून आल्यासारखा वाटला. तो काही बोलला नाही. त्याचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता, आणि तळवा जिथे दाबायचा तिथे दाबत होता.

सीट बसवण्याआधी मी बॉक्सच्या वरच्या फळीवर मार्करने लिहिले: "हवा ३६.५ लिटर, नळी ४६.५ सेंमी, सूर ३६, गाडीत ३५. पिंजरा काढू नये. ताडपत्री उभी." पावसाचे मोठे थेंब पडू लागले तेव्हा त्याने सीटमागे हात घालून ताडपत्री ओढली, ती पिंजऱ्यात न अडकता सरळ बाहेर आली, आणि आम्ही दोघांनी मिळून ती हौद्यात ठेवलेल्या बी-बियाण्यांच्या पिशव्यांवर टाकली.